‘शिष्ट’ मुलगी आणि तिचं मौन

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी प्रश्न विचारला होता, तो आज विषय म्हणून घेतोय. त्यांचं म्हणणं असं : इंग्लंडमधल्या रीजन्सी काळावर, म्हणजे १८११ ते १८२० या वर्षांवर, आज ढिगाने प्रेमकादंबऱ्या लिहिल्या जातात. त्यांतली श्रीमंत नायिका हमखास घुमी का असते? मनातलं काही बोलत नाही, कुणाला जवळ येऊ देत नाही. हा नुसता साचा आहे, की त्यामागे काही आहे?

मराठीत अशा मुलीसाठी एक शब्द तयार आहे. ‘शिष्ट’. कोशात त्याचा अर्थ सभ्य, सुसंस्कृत असा सापडेल. पण चारचौघांत आपण “ती जरा शिष्टच आहे” म्हणतो, तेव्हा कौतुक करत नसतो. ती गर्विष्ठ आहे, आपल्यात मिसळत नाही, अशी तक्रार करत असतो. आजचं व्याख्यान या तक्रारीबद्दल आहे असं समजा.

आधी साचा बघू. कल्पना करा, नायिका डॅनिश आहे. कोपनहेगनच्या एखाद्या व्यापाऱ्याची एकुलती एक मुलगी, वय एकोणीस-वीस. आईवडील गेलेत, वारसा तिच्या नावावर आहे, आणि नव्याने सुरुवात करायला ती इंग्लंडला येते. कुणाशी मोकळं बोलत नाही. मग एखादा ड्यूक येतो, आणि चारशे पानांत बर्फ वितळतो. (हशा) हसू नका, मीही अशा कादंबऱ्या वाचल्या आहेत, आणि आवडीने वाचल्या आहेत. या प्रकाराची घडी बसवली जॉर्जेट हेयरने. तिची ‘रीजन्सी बक’ १९३५ सालची, आणि तिचीही नायिका वारसदारच आहे. हा प्रकार मी कमी लेखत नाही. बाईला काय हवंय, हा प्रश्न तो मध्यभागी ठेवतो, आणि ते पुष्कळ ‘गंभीर’ कादंबऱ्यांना जमलेलं नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. या साच्यात मुलीचं मौन हा आजार असतो. मागे काहीतरी जखम झालेली असते, म्हणून ती बंद झालेली असते, आणि प्रेम हे औषध. तिने विचार करून तोंड बंद ठेवलंय, ही शक्यताच लेखकाच्या मनात येत नाही.

आता मूळ काळातली लेखिका काय करते बघा. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये डार्सीची बहीण आहे, जॉर्जियाना. वय सोळा, नावावर तीस हजार पौंड. आजूबाजूच्या गावात तिची ख्याती काय? फार गर्विष्ठ. म्हणजे आपल्या भाषेत शिष्ट. एलिझाबेथ तिला प्रत्यक्ष भेटते आणि काही मिनिटांत तिच्या लक्षात येतं की ही पोरगी बिचारी कमालीची बुजरी आहे. पण वाचकाला तोवर आणखी एक गोष्ट कळलेली असते. आदल्या वर्षी रॅम्सगेटला, पंधराव्या वर्षी, विकमने तिला पळून जाऊन लग्न करायला राजी केलं होतं. त्याचा डोळा पैशावर होता. शिवाय जिच्यावर तिची जबाबदारी सोपवली होती, ती बाईही त्यालाच सामील होती. ठरल्या बेताच्या एक-दोन दिवस आधी भाऊ अचानक तिथे पोचला, आणि तिने स्वतःच त्याला सगळं सांगितलं.

यातलं शेवटचं वाक्य आपण वाचताना सोडून देतो. मीही कित्येक वर्षं सोडलं. मला जॉर्जियाना म्हणजे कथानकाला लागणारी एक खुंटी वाटायची. पण अख्ख्या प्रकरणात विकमचा डाव उधळला तो तिच्या बोलण्याने. म्हणजे तिला बोलता येत नाही असं नाही. कुणाशी बोलायचं, हे ती एकदा चुकून शिकली आहे.

दुसरं उदाहरण ‘सँडिटन’चं. ऑस्टिनने ही कादंबरी १८१७च्या पहिल्या तीन महिन्यांत लिहायला घेतली आणि अर्धवट सोडली. जुलैत ती गेली. त्यात मिस लँब आहे. वेस्ट इंडीजमधून आलेली, सतरा वर्षांची, मिश्रवंशीय, नाजूक प्रकृतीची आणि गडगंज. लेडी डेनहॅमच्या मनात लगेच दोन हिशेब सुरू होतात : ही आपल्या पुतण्याला बायको म्हणून चालेल, आणि आपल्या गाढविणींच्या दुधालाही गिऱ्हाईक मिळेल. आणि मिस लँब? हस्तलिखितात तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. सगळे तिच्याबद्दल बोलतात. ऑस्टिन पुढे तिला बोलतं करणार होती का, यावर अंदाज बांधण्यात अर्थ नाही. पण जेवढं लिहिलंय त्यात एक गोष्ट उघड दिसते : परक्या देशातल्या श्रीमंत मुलीभोवती जो गलका असतो, त्यात तिला बोलायला जागाच उरत नाही.

आणि हा गलका कशासाठी, ते कायद्यात आहे. त्या वेळच्या इंग्रजी कायद्याने लग्न झालं की बायकोची रोकड, दागिने, सगळी जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. जमिनीचं उत्पन्न आणि कारभारही त्याच्याकडे जाई. विश्वस्त नेमून, करार करून वाचवलं तेवढंच वाचलं. हे बदलायला १८७० आणि १८८२चे कायदे यावे लागले. आपल्याकडे ‘स्त्रीधन’ हा शब्द तरी होता. व्यवहारात ते बाईच्या हातात किती राहिलं, तो भाग वेगळा. डेन्मार्कमध्ये तर अविवाहित बाई १८५७पर्यंत कायद्याने अज्ञान समजली जाई, कारभार पालकाच्या हातात. म्हणजे आपली ती डॅनिश नायिका घरी असती तर पालकाच्या सहीखाली, आणि इंग्लंडमध्ये ‘हो’ म्हणाली की नवऱ्याच्या. तिच्या हातात असलेला एकमेव अधिकार म्हणजे ते ‘हो’ लांबवणं. मग ती गप्प राहील नाही तर काय करील?

शिवाय ती डॅनिश आहे, हे नुसतं सोनेरी केसांपुरतं नाही. सप्टेंबर १८०७मध्ये ब्रिटिशांनी कोपनहेगनवर तीन रात्री तोफा डागल्या, शहर पेटवलं आणि डॅनिश आरमार उचलून नेलं. पुढे जानेवारी १८१३मध्ये डॅनिश सरकारचं दिवाळं निघालं. जुने सहा रिग्सडालर देऊन नव्या चलनाचा एक मिळायला लागला. सहाशेच्या नोटा घरात असतील तर त्या शंभर झाल्या. गंमत बघा, ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ प्रसिद्ध झाली ती त्याच महिन्यात. पुढच्या जानेवारीत नॉर्वेही गेला. अशा देशातली मुलगी लंडनच्या दिवाणखान्यात बसली आहे, आणि समोरच्या कॅप्टनचा हुद्दा कदाचित त्याच स्वारीत वाढलेला आहे. तिच्या गप्प बसण्याला निराळ्या जखमेची गरज आहे का? कादंबरीकार हे सगळं पडद्यासारखं मागे टांगतो आणि कारण म्हणून एखादा फसवा प्रियकर शोधून आणतो. माझ्या मते तिथे कादंबरी फसते.

खरी माणसं या साच्यात बसत नाहीत, त्याचं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. शार्लट एमिलिया रूमोर. श्लेस्विगमधल्या, म्हणजे डॅनिश राजाच्या मुलखातल्या, सरदार घराण्यातली. १८००च्या सुमाराला ती बंगालमधल्या श्रीरामपूरला आली, तेव्हा ती डॅनिश वसाहत होती. वय विशी-पंचविशी नव्हे, चाळिशीच्या आसपास. प्रकृती अधू. तिथे ती इंग्रजी शिकली. जानेवारी १८०८मध्ये ब्रिटिशांनी श्रीरामपूर ताब्यात घेतलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिने लग्न केलं ते एका इंग्रजाशी, विल्यम केरीशी. हो, तेच केरी, ज्यांचं मराठी व्याकरण १८०५मध्ये आणि मराठी कोश १८१०मध्ये श्रीरामपूरला छापला गेला. म्हणजे आपला कोश छापला जात होता तेव्हा त्या घरची मालकीण ही बाई होती.

केरींच्या चरित्रांत तिला थोडी जागा मिळते : सुशील, आजारी, पतीला साथ देणारी. पण तिने प्रवासात असताना नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांचे उतारे त्याच चरित्रांत आहेत, आणि ते चांगले जिव्हाळ्याचे आहेत. कुणी बर्फ वितळवला म्हणून ती बोलली, असं काही त्यांत दिसत नाही. तिने माणूस पाहिला, सात-आठ वर्षं पारखला, आणि मग मन मोकळं केलं. १८२१मध्ये ती वारली.

तर प्रश्नाचं माझं उत्तर असं. साचा आहेच, पण तो एका खऱ्या गोष्टीवर उभा आहे, आणि बहुतेक वेळा त्या गोष्टीला विसरून उभा आहे. अशी कादंबरी पुन्हा हातात घ्याल तेव्हा एवढंच पाहा : नायिकेच्या मौनाला लेखकाने कारण दिलंय, की फक्त जखम दिली आहे? आणि शेवटी ती बोलते तेव्हा तिने ठरवून माणूस निवडलाय, की नायकाने कुलूप फोडलंय?

एक सांगून थांबतो. कॉलेजात आमच्या वर्गात एक मुलगी होती. कुणाशी बोलायची नाही. आम्ही तिला शिष्ट म्हणायचो, तोंडावरसुद्धा. खूप वर्षांनी कळलं की त्याच वर्षी तिचे वडील गेले होते आणि घरातली मोठी माणसं रोज एका कागदावर तिची सही मागत होती. ती कुणापाशी काही बोलली असती, तर संध्याकाळपर्यंत घरी पोचलं असतं. तिने सही केली नाही, एवढं मला माहीत आहे. आम्ही कुणी तिची माफी मागितली नाही, हेही माहीत आहे.

आता प्रश्न घेऊ.