‘टक्कर’, ‘धडक’ आणि ‘धक्का’ : एक अर्थविचार

स्पॅनिश भाषेतील ‘चोके’ ह्या एका नामात वाहनांचा आघात, सैन्याच्या तुकड्यांची चकमक, मतांचा खटका आणि मनाला बसणारा हादरा एवढे अर्थ सामावतात. द्विभाषिक कोशाच्या रिवाजाप्रमाणे त्यापुढे ‘टक्कर, धडक, धक्का’ अशी ओळ मांडली की काम संपले असे वाटते. वस्तुतः घोटाळा तेथूनच सुरू होतो.

टक्करीला दोन पक्ष लागतात आणि दोन्ही चालते असावे लागतात. रेड्यांच्या टकरी लागतात. मोटारीची मात्र झाडाशी टक्कर होत नाही, ती झाडाला धडकते. ‘ट्रक व सायकल यांची टक्कर झाली’ ह्या वृत्तात दोष दोघांत वाटला जातो. ‘ट्रकने सायकलला धडक दिली’ म्हणताच तो एकाच्या पदरी पडतो. स्पॅनिशमध्ये हे काम ‘एन्त्रे’ (दोहोंमध्ये) व ‘कोन्त्रा’ (विरुद्ध) ह्या अव्ययांवर सोडलेले आहे. बातमी लिहिणाऱ्याने शब्द सहज निवडला, तरी वाचकाच्या मनातील निवाडा त्यानेच केलेला असतो.

‘टक्कर देणे’ ह्याची तऱ्हा आणखी निराळी. हा प्रयोग बहुधा दुबळ्या पक्षाच्या वतीने होतो. तुळजापूरची भवानी ही अष्टभुजा महिषासुरमर्दिनी. ‘देवीने महिषाला टक्कर दिली’ हे वाक्य व्याकरणशुद्ध असूनही कानाला खटकते, आणि ह्याचे कारण केवळ भाविकता नव्हे. त्या वाक्याने देवी खालच्या पायरीवर उतरते. ‘मर्दन’ ह्या शब्दात ती अडचण नाही.

‘धक्क्या’चा अर्थ तर सर्वस्वी क्रियापदाच्या हाती आहे. कोजागरीला सोलापूरहून पायी आलेल्या यात्रेकरूंच्या गर्दीत धक्का ‘लागतो’, तेव्हा कोणी कोणाला जाब विचारत नाही. तोच धक्का ‘दिला’ की भांडण जुंपते. ‘बसला’ की कर्ता नाहीसा होतो व सोसणारा तेवढा उरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात धक्का बसला तो भूमीला, आणि मागे राहिलेल्यांना बसला तोही धक्काच. येथे मराठी शब्द ‘चोके’इतकाच विस्तारतो, हे मान्य केले पाहिजे.

मोल्सवर्थच्या कोशाची (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) थोरवी ह्या ठिकाणी कळते. कोणते नाम कोणते क्रियापद घेते, ह्याची नोंद तो जागोजाग करतो. पुढच्या काळातील कित्येक छोट्या कोशांनी ती जागा वाचवली, आणि त्याबरोबर अर्थही गमावला.

भाषांतरात ह्याची किंमत मोजावी लागते. हंटिंग्टनच्या १९९६ च्या ग्रंथाच्या स्पॅनिश शीर्षकात ‘चोके’ आहे. त्याच कल्पनेसाठी मराठीत ‘संघर्ष’ हा शब्द योजला जातो. संघर्षात घर्षण आहे, ते दीर्घकाळ चालते. ‘चोके’ हा क्षणाचा आघात आहे. ग्रंथकाराला ह्यांपैकी कोणता काल अभिप्रेत होता, हा प्रश्न मराठी वाचकापुढे येतच नाही. अनुवादकाने तो परस्पर सोडवलेला असतो.