‘हंसाबाई म्हणतात’ : पण म्हणतंय कोण?

जुन्या मराठी सिनेमातल्या अभिनेत्रींवर काम करायचं ठरलं की हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’ हमखास हाताशी येतं. 1970 साली राजहंसनं काढलेलं छोटं पुस्तक, एका बैठकीत वाचून होतं. मग सिनॉप्सिसमध्ये वाक्य पडतं : ‘हंसाबाई म्हणतात...’ इथे जरा थांबा. या दोन शब्दांत आख्खा संशोधनप्रश्न दडलाय.

पुस्तक हंसाबाईंनी स्वतः लिहिलेलं नाही. त्या सांगत गेल्या, अरुण साधूंनी शब्दांकन केलं, आधी ते ‘माणूस’मध्ये क्रमशः आलं आणि मग पुस्तक झालं. म्हणजे बोलणारी एक, लिहिणारा दुसरा, आणि मधे साप्ताहिकाचा वाचक, ज्याला पुढच्या अंकाची ओढ लावायची आहे. हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. उलट इतकं बेधडक कथन त्या काळात दुसरं सापडणं अवघड. पण छापील पानावर प्रश्न कुठेच दिसत नाहीत, फक्त उत्तरं. काय विचारलं होतं आणि काय विचारलंच नव्हतं?

गंमत बघा, इंग्रजी अनुवादाचं नाव आहे ‘यू आस्क, आय टेल’. ‘तुम्ही विचारता, मी सांगते.’ मराठीतून गायब झालेला विचारणारा तिथे परत आला! मराठी नाव मुळात 1959 च्या अनंत माने यांच्या सिनेमाचं. त्यात हंसाबाई तमासगिरीण होत्या. म्हणजे स्वतःचं आयुष्य सांगतानाही शीर्षक एका भूमिकेकडून उसनं घेतलेलं.

आता 1977 चा ‘भूमिका’. श्याम बेनेगल यांचा हा सिनेमा पुस्तकावर बेतलेला, स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा. सिनेमा मोठा आहे, वाद नाही. पण आपल्या कामासाठी तो धोक्याचा. त्यात उषा पडद्यावर जे करते आणि घरी जे भोगते, ते सतत एकमेकांसमोर ठेवलं जातं. त्यामुळे प्रत्येक भूमिका म्हणजे तिच्या आयुष्यावरची टिप्पणी असं वाटायला लागतं. आणि माझा आक्षेप इथेच आहे. भूमिका आयुष्यातून उगवत नाहीत, त्या स्टुडिओतून मिळतात.

नुसती कारकीर्द मांडून बघा. जन्म 1923, पहिला सिनेमा ‘विजयाची लग्ने’ 1936 मध्ये. म्हणजे तेरा वर्षांची मुलगी कामावर! 1939 मध्ये बॉम्बे टॉकीजचा हिंदी ‘नवजीवन’. 1941 मध्ये प्रभातचा ‘संत सखू’ : सासुरवास सोसणारी, पंढरीची ओढ लागलेली सून. सहाच वर्षांनी राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’, त्यात तमाशातली बया. मग ‘पुढचं पाऊल’. आणि 1959 मध्ये ‘सांगत्ये ऐका’त नायिका जयश्री गडकर, तर वयाच्या छत्तिसाव्या वर्षी हंसाबाई आधीच्या पिढीच्या बाईच्या भूमिकेत. संतपटाची नायिका ते तमाशापटाची बाई हा प्रवास एका बाईचा आहेच, पण त्याहून जास्त तो मराठी सिनेमाच्या बाजाराचा आहे. नायक त्या वयात नायकच राहतो, हेही जाता जाता नोंदवा.

अभिनयाबद्दल, म्हणजे कामाबद्दल, पुस्तक मला तोकडं वाटतं. घर, पुरुष, दारू, पैसा यावर ते भरभरून बोलतं. पण सखूची बया कशी झाली, लावणीसाठी अंग कसं तयार केलं, हे मला जितकं हवं तितकं मिळत नाही. समीक्षकांनीही बहुतेकदा ‘बंडखोर बाई’वर भागवलं. एखाद्या नटाबद्दल लिहिताना आपण आधी त्याचं काम बघतो, नटीबद्दल लिहिताना आधी तिची लग्नं. ही सवय प्रबंधात शिरली की गाईडसुद्धा पकडत नाहीत.

त्यामुळे प्रस्ताव लिहिण्याआधी एवढं करा. ‘माणूस’चे अंक मिळवून पुस्तकाशी ओळीला ओळ ताडून बघा : काय गळलं, कुठे शब्द सभ्य झाला. वरसे-रोह्यासारख्या ठिकाणाहून हे जमायचं नाही, पुण्या-मुंबईची जुनी ग्रंथालयं गाठावी लागतील. आणि ‘संत सखू’ व ‘रामजोशी’ पाठोपाठ बघा, निदान एकदा आवाज बंद करून. हंसाबाई चालतात कशा, नजर कुठे ठेवतात, हात काय करतात, तेवढंच वहीत उतरवा. ‘भूमिका’ त्यानंतर.