पुनरागमनाची कसोटी

बालनटाच्या पुनरागमनाकडे प्रेक्षक बहुधा करुणेने पाहतो, आणि करुणेने डोळे भरले की पारख मंदावते. की ह्वी क्वान यांच्याविषयी हा धोका मोठाच आहे. १९७१ साली सायगाव येथे जन्म, बालपणीच निर्वासितपण, स्पिलबर्ग यांच्या १९८४ च्या ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’मधील शॉर्ट राउंड, पुढे आशियाई नटास साजेशा भूमिकाच विरळ, म्हणून पडद्यामागे मारामारीच्या दृश्यांची आखणी. कहाणी हृदयद्रावक खरी. पण तीवरून अभिनयाचे मोल ठरवू नये.

ते ठरवावे ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ (२०२२) या चित्रपटावरून. लाँड्री चालविणारा भाबडा पती, लढवय्या आणि वैभवसंपन्न प्रेमिक ही एकाच पुरुषाची तीन रूपे ते देहाची ठेवण व आवाज बदलून उभी करतात. कमरेच्या पिशवीने दिलेल्या झुंजीत पडद्यामागील वर्षांची शिस्त दिसते. सौजन्याची विनवणी करताना तीच शिस्त कोठे दिसूही देत नाहीत. २०२३ साली लाभलेल्या ऑस्करचे समर्थन या दोन प्रसंगांतच आहे, असे आम्हांस वाटते. वनवास अभिनयात मुरला, एवढेच चरित्राचे श्रेय.