विषयास सोडून

सहामाहीच्या मराठीच्या पेपरात ‘मी केलेली सहल’ हा निबंध घालायचा, असा आमच्या शाळेचा जुना रिवाज आहे. दिवाळीच्या तोंडावर, घरात चकलीची भाजणी दळून आलेली असताना, एका कोपऱ्यात बसून मी ते निबंध तपासतो. पन्नास मुलांपैकी पंचेचाळीसांची सहल एकच असते. पूर्वेला तांबडे फुटते, पक्षी किलबिलाट करतात, मुले आनंदाने गाडीत बसतात, निसर्ग हिरवा शालू नेसतो आणि गोड आठवणी घेऊन सगळे घरी परततात. आगाशिवाच्या डोंगराला गेलेल्या मुलाचाही निबंध हाच आणि प्रीतिसंगमावर गेलेल्याचाही हाच. आगाशिवाच्या चढाला चप्पल तुटली, लेण्याच्या अंधारात शिरताना पोटात गोळा आला, संगमावर भेळ घेताना दोन रुपये कमी पडले, यातले काहीही वहीत उतरत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक निबंध मात्र निराळा निघाला. सातवीतली मुलगी. बापाच्या पायावरून उसाच्या ट्रॉलीचे चाक गेलेले. त्याचे बँडेज बदलायला ती, तिची आई आणि धाकटा भाऊ पहिल्या एस. टी. ने मोठ्या दवाखान्यात आली होती, आणि तीच तिची सहल. तिने लिहिले होते, की दवाखान्यात वरखाली करणारी खोली आहे, तिच्यात मी आणि भाऊ चारदा बसलो, पाचव्यांदा वॉचमनने कान धरला. आईने एक वडापाव घेऊन त्याचे तीन तुकडे केले आणि स्वतःचा तुकडा बापासाठी कागदात गुंडाळून ठेवला. बाप बाहेर आला तेव्हा तो हसत होता. म्हणून आम्हीही हसलो. पुन्हा पुढच्या सोमवारी जायचे आहे.

मी त्या निबंधाला दहापैकी तीन गुण दिले आणि समासात लाल शाईने शेरा मारला: ‘विषयास सोडून.’

वाचकहो, हा लेख त्या शेऱ्याबद्दल आहे. मास्तरकी हा माझा पोटाचा धंदा आणि कादंबऱ्या लिहिणे हा हौसेचा. शालान्त परीक्षेपलीकडे मी गेलो नाही. त्यामुळे समीक्षेची शास्त्रे मला ठाऊक नाहीत. परंतु ग्रामीण साहित्य नावाची जी वस्तू आपण सत्तर-पंचाहत्तर वर्षे वाचत आलो, तिच्यातही हाच शेरा ठिकठिकाणी मारलेला आहे, अशी माझी समजूत होत चालली आहे.

मी राहतो त्या मलकापूरची आधी ओळख सांगतो. कारण मलकापूर म्हटले की लोक बुलढाण्याच्या नाहीतर शाहूवाडीच्या गाडीत बसवतात. आमचे मलकापूर कऱ्हाडाला लागून. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात तो प्रीतिसंगम आमच्या हाकेच्या अंतरावर. इकडे ऊस, पाणी, कारखान्याचे भोंगे. आणि इथून पूर्वेला एस. टी. ने दोन-अडीच तास गेले, की माणदेश लागतो: माळ, बाभळी, मेंढरे, आणि आभाळाकडे लागलेले डोळे. एकाच कृष्णाकाठाने हे दोन मुलूख पोसले, पण एकाला दूध पाजले आणि दुसऱ्याला नुसते थोपटले.

त्या माणदेशाने व्यंकटेश माडगूळकर दिले. ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आली आणि ‘बनगरवाडी’ १९५५ साली. ‘बनगरवाडी’ मी प्रथम वाचली ती मास्तर होण्यापूर्वी. तेव्हा ती मला दुष्काळाची कादंबरी वाटली. मास्तर झाल्यावर वाचली तेव्हा ती शाळेची वाटली. त्या निबंधाला तीन गुण दिल्यावर पुन्हा काढली, तेव्हा माझ्या ध्यानात आले, की या पुस्तकात सहज म्हणून कोणी कुठे जातच नाही. मास्तर चालत वाडीवर येतो तो नोकरीसाठी. मेंढरे हलतात ती चाऱ्यासाठी. आणि वाडीला सणासारखा जो एकच मोठा दिवस लाभतो, तो सगळ्यांनी राबून बांधलेल्या तालमीचा. त्या दिवशी खुद्द पंतसरकार येतात. औंध संस्थानच्या मुलखातली ही गोष्ट आणि औंधाला सूर्यनमस्काराचे वेड, तेव्हा राजाने तालमीला यावे यात नवल नाही. नवल आहे ते माडगूळकरांच्या हाताचे. त्या समारंभावर त्यांनी गुलाल फेकलेला नाही. ज्या गावात बैल नाही म्हणून घरधनीण जुवाखाली मान देते, त्याच गावाचा हा आनंद आहे, हे ते वाचकाला क्षणभरही विसरू देत नाहीत. आणि तरीही तो आनंदच आहे. त्याची कीव करायला ते सांगत नाहीत. पुढे दुष्काळ पडतो आणि सबंध वाडी मेंढरे घेऊन निघून जाते. त्या पुस्तकातले सर्वांत मोठे बाहेर पडणे ते.

दुसरे उदाहरण आमच्या दक्षिणेचे. अण्णा भाऊ साठे वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे. त्यांच्या ‘फकिरा’चा (१९५९) आरंभ कशाने होतो? गावाला जत्रा नाही या दुःखाने. शेजारच्या शिगावाला जोगणी आहे म्हणून जत्रा आहे, वाटेगावाला नाही. फकिराचा बाप राणोजी ती जोगणी आणायला जातो आणि त्यापायी जीव गमावतो. मी पोरवयात हे वाचले तेव्हा मला प्रश्न पडला होता, की जत्रेसाठी, म्हणजे पाळणे आणि रेवड्या यांच्यासाठी, माणूस मरतो कसा? आज असा प्रश्न पडत नाही. जत्रा म्हणजे गावाची इभ्रत. लेकी त्या दिवशी माहेरी येतात, पाहुणे दाराशी येतात, वर्षाची उसनवारी फिटते. ज्या गावाला जत्रा नाही त्या गावाकडे कोणी वळून बघत नाही. अण्णा भाऊंची भाषा कधीकधी शाहिरीने फुगते, पोवाड्याच्या सुरात जाते, हे मला मान्य आहे. पण जत्रेचे मोल त्यांच्याइतके चोख दुसऱ्या कोणी केले असेल, असे मला वाटत नाही.

हे झाले मूळ पुरुषांचे. पुढे काय झाले? माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी कथाकथनाने महाराष्ट्र हसवला. ती कथा मांडवात बसून ऐकणे हीच कित्येक गावांची सहल झाली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांच्यामागून जी नक्कल आली तिने एक सोय करून घेतली. तिने गावाचे रोजचे जगणे एका कप्प्यात टाकले आणि जत्रा, बाजार, तमाशा दुसऱ्या कप्प्यात. पहिल्या कप्प्यात कण्हायचे, दुसऱ्यात हसायचे. कोरड्या विहिरीचे एक प्रकरण झाले, की लगेच ढोल-ताशाचे एक. शहरातला वाचक त्या जत्रेत फिरून येतो, त्याच्या अंगावर भंडारा पडतो आणि तो खूश होतो. सहल त्याची होते. गावाची होत नाही.

इथे मी दुसऱ्याचे नाव घेणार नाही, कारण घरचेच उदाहरण हाताशी आहे. माझ्या पहिल्या कादंबरीत पालीच्या खंडोबाच्या जत्रेची अकरा पाने आहेत. पौषात खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते, तारळी नदीचा काठ पिवळाधमक होतो, सगळे मी लिहिले. परीक्षणांत ‘वातावरणनिर्मिती प्रभावी’ असेही छापून आले. पण मी त्या जत्रेला लहानपणी दरवर्षी जात होतो तो आईच्या बोटाला धरून, आणि आई काय करीत होती? देवाला भंडारा वाहून झाला, की ती तासभर तव्याचा भाव करी. मग ओळखीची बाई गाठून माझ्या मावशीच्या स्थळाची चौकशी करी. मग एका झाडाखाली बसून, पाय पसरून, वर्षातून एकदा काहीही न करता दहा मिनिटे बसे. त्या दहा मिनिटांत तिला हाक मारायची नाही, हे आम्हां भावंडांना कोणी न सांगता कळत असे. अकरा पानांत ती दहा मिनिटे नाहीत. भंडाऱ्याच्या ढगात मला आई दिसली नाही.

मध्यंतरी वाचनालयात हडसन नावाच्या इंग्रज लेखकाचे एका मेंढपाळावरचे पुस्तक हाती लागले. १९१० साली निघालेले. शब्दकोश जवळ घेऊन रेटत वाचले. हडसन जन्मला अर्जेंटिनात. म्हणजे तोही परमुलखातूनच आला. दक्षिण इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यातल्या टेकड्या खडूच्या आहेत. होय, खडूच्याच! पाऊस त्या खडूत मुरून जातो; म्हणून वर झाडी थोडी, गवत आखूड आणि मेंढरे पुष्कळ. मला माणदेशच आठवला. माझ्या बोटांना रोज खडू लागतो, पण खडूच्या मुलखातही धनगर असतो हे मला त्या पुस्तकाने सांगितले. त्यात बाजारच्या दिवशी खेड्यांतली माणसे सॉल्सबरी शहरात येतात, ते वाचताना मी कऱ्हाडाच्या मंडईतच उभा होतो. विकायला आणलेले विकायचे, हवे ते घ्यायचे आणि ओळखीच्या माणसाशी रस्त्यात उभे राहून पोटभर बोलायचे. हडसनने त्याला बाजारही म्हटले आहे आणि सुखही, आणि दोन्हींच्या मध्ये रेघ मारलेली नाही. हडसन हळवा आहे, मेंढपाळाच्या गरिबीकडे तो कधी फार मायेने बघतो; ‘बनगरवाडी’चा कणखरपणा त्याच्यात नाही. पण रेघ न मारण्याची बुद्धी दोघांची एकच.

आमच्याकडे ‘सहल’ हा शब्दच शाळेने आणला, असे मला वाटते. घरात तो कोणी बोलत नाही. ‘पालीला गेलतो’, ‘बाजारला गेलतो’, ‘लेकीला आणाय गेलतो’, ‘दवाखान्याला गेलतो’. जाण्याला काम असते आणि कामाच्या पोटात सुख असते, वडापावच्या तिसऱ्या तुकड्याएवढे. लेखकाने ते तिथेच शोधायला हवे. सुख निराळे काढून दाखवायला गेले की ते चित्राच्या कॅलेंडरासारखे होते, आणि काम निराळे काढले की नुसते रडगाणे. उसाच्या मुलखातला लेखक या खोडीला अधिक बळी पडतो. आमच्याकडे पाणी आहे, त्यामुळे दुःख शोधायला आम्ही माणदेशात जातो आणि रंग शोधायला जत्रेत. दारातून जाणारी उसाची ट्रॉली आणि तिच्याखाली गेलेला पाय, यांवर आमच्या हातून फारसे लिहून झालेले नाही.

तीन गुणांचे पेपर तेव्हाच कचेरीत गेले होते. त्यात फेरफार करणे मला जमले नाही, किंवा खरे सांगायचे तर तेवढा खटाटोप मी केला नाही. एकदा वर्गाबाहेर त्या मुलीला म्हटले, “तुझा तो निबंध चांगला होता गं.” ती घाबरून म्हणाली, “चुकलं गुरुजी. आता नाही तसं लिहिणार.”

गेल्या वर्षी आमच्या शाळेची सहल औंधला गेली. भवानी संग्रहालय पाहिले, यमाईचे दर्शन घेतले. तिचे नाव सहलीच्या यादीत नव्हते; पैसे भरायचे राहिले होते. सहामाहीला निबंध पुन्हा तोच होता. तिने औंधच्या सहलीवर दीड पान लिहिले. पूर्वेला तांबडे फुटले होते, पक्षी किलबिलाट करीत होते, आणि शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. मी तिला आठ गुण दिले.