मंगळावरचा 'मंद' संगणक

'तुमच्या खिशातला मोबाइल मंगळावरच्या गाडीतल्या संगणकापेक्षा कितीतरी वेगवान आहे', हे वाक्य विज्ञानाच्या लेखांत आणि व्याख्यानांत हमखास भेटते. आम्हीही ते वर्गात वापरले आहे. ते खोटे नाही. पण अर्धवट आहे, आणि त्यातून मुलांच्या मनात चुकीचे माप रुजते असे आम्हाला वाटते.

१९९७ साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नरचा प्रोसेसर २ मेगाहर्ट्झचा होता. २०१२ मध्ये पोचलेल्या क्युरिऑसिटीचा सुमारे २०० मेगाहर्ट्झचा. त्या वर्षीचे स्मार्टफोन याच्या खूप पुढे होते. मग हे अभियंते मागासलेले का? अंतराळातले भारित कण चिपवर आदळले तर स्मृतीतल्या ० चा १ होऊ शकतो, चिप कायमची निकामीही होऊ शकते. तिथे दुरुस्तीला कोण जाणार? म्हणून हा मारा सोसणारी चिप मुद्दाम घडवतात. ती पारखायला वर्षे जातात आणि तोवर बाजार पुढे निघून जातो. शिवाय वीजही मोजकीच.

पण सावकाश चिप घेतली की काम भागले, असेही नाही. २१ जानेवारी २००४ रोजी स्पिरिट ही गाडी अचानक गप्प झाली. वाटेत आणि उतरल्यावर फ्लॅश स्मृतीत असंख्य फायली साठल्या होत्या. त्यांच्या नोंदी ठेवायलाच रॅम अपुरी पडली आणि संगणक बंद पडून पुन्हापुन्हा सुरू होऊ लागला. रात्री तो झोपेना, बॅटरी उतरत चालली. अखेर 'फ्लॅशला हात न लावता सुरू हो' अशी आज्ञा पृथ्वीवरून दिली, नको त्या फायली पुसल्या आणि गाडी वाचली. ती २०१० पर्यंत माहिती पाठवत राहिली. इथे चूक वेगाची नव्हती. पुरेसे दिवस साठा करत राहिल्यावर काय होते, हे आधी तपासले नव्हते.

उलट, २०२१ मध्ये उडालेल्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरला मोबाइलचीच चिप होती. जमिनीची छायाचित्रे झरझर तपासायला वेग हवाच होता. मात्र उड्डाणाचा तोल वेगळ्या, सुरक्षिततेसाठी बनवलेल्या नियंत्रकांकडे होता. फार तर ५ उड्डाणे अपेक्षित होती, झाली ७२.

तेव्हा वर्गात 'कोणता संगणक वेगवान?' एवढेच विचारून थांबू नये. 'कोणत्या कामासाठी, आणि बिघडला तर काय?' हेही विचारावे. तिथूनच मुले अभियंत्यासारखा विचार करू लागतील.