विजयकथेचा साचा : जेसी ओवेन्सच्या दोन आत्मकथनांच्या निमित्ताने

जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूची कथा बहुधा एकाच साच्यात सांगितली जाते. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये त्याने १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि ४ × १०० मीटर रिले यांत चार सुवर्णपदके मिळविली. संतप्त हिटलरने त्याच्याशी हस्तांदोलन करण्याचे नाकारले. आणि वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धान्त धावपट्टीवरच धुळीस मिळाला. यातील पदके निर्विवाद आहेत. हस्तांदोलनाचा प्रसंग मात्र तसा नाही. मैदानी स्पर्धांच्या पहिल्या दिवशी, २ ऑगस्टला, हिटलरने जर्मन व फिनिश विजेत्यांचे जाहीर अभिनंदन केले आणि उंच उडीतील कृष्णवर्णीय विजेता कॉर्नेलियस जॉन्सन याच्या पदकप्रदानापूर्वी तो निघून गेला. अभिनंदन करावयाचे तर सर्वांचे, अन्यथा कोणाचेच नको, असे ऑलिम्पिक समितीने सुनावल्यानंतर त्याने ही जाहीर प्रथाच सोडून दिली. ओवेन्सचे पहिले पदक ३ ऑगस्टचे आहे. मायदेशी परतल्यावर ओवेन्सची तक्रार होती ती साधी तारही न पाठविणाऱ्या अध्यक्ष रूझवेल्टविषयी.

दंतकथा खोडून काढणे हे इतिहासकाराचे काम होय. समीक्षेपुढील प्रश्न वेगळा आहे : ही दंतकथा कोणत्या गरजेपोटी टिकून राहिली? मिथक इतिहासाला निसर्गाचे रूप देते, असे रोलाँ बार्थ याने दाखविले आहे. या कथेतही वंशवाद एका व्यक्तीत, परक्या देशात आणि तीन-चार दिवसांच्या अवकाशात बंदिस्त होतो व तेथेच पराभूत होतो. त्यामुळे अलाबामातील कुळवहिवाटीची शेती, ओहायो राज्य विद्यापीठाच्या वसतिगृहात नाकारलेला प्रवेश, बर्लिननंतर हौशी खेळाडूंच्या अमेरिकन संघटनेने केलेले निलंबन आणि उपजीविकेसाठी घोड्यांशी लावलेल्या शर्यती या साऱ्यांना कथेत जागाच उरत नाही. शिवाय पराभूत म्हणून दाखविलेला वंशवाद प्रत्यक्षात केवळ भाषा बदलतो. कृष्णवर्णीयांचे यश त्यांच्या विशिष्ट शरीररचनेचे फळ आहे, हे स्पष्टीकरण तत्काळ पुढे आले. मॉन्टेग्यू कॉब या कृष्णवर्णीय शरीररचनाशास्त्रज्ञाने त्याच वर्षी ओवेन्सच्या शरीराची मोजमापे घेऊन ते खोडून काढले. धावपटूचे यश मापनपट्टीने सोडवून घ्यावे लागले, ही बाब विजयकथेच्या मर्यादेवर पुरेसा प्रकाश टाकते.

या पार्श्वभूमीवर पॉल नाइमार्क याच्या साहाय्याने लिहिलेली ओवेन्सची दोन पुस्तके वाचावयास हवीत. १९६८ मध्ये मेक्सिको येथे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी विजयमंचावर काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या, तेव्हा अमेरिकन ऑलिम्पिक समितीने कृष्णवर्णीय खेळाडूंची समजूत घालण्यासाठी ओवेन्सला पाठविले होते. १९७० चे ‘ब्लॅकथिंक’ हे त्या भूमिकेचेच विस्तारित रूप आहे. कृष्णवर्णीयाचे यशापयश मुख्यतः त्याच्या स्वतःच्या हाती आहे, असा त्याचा युक्तिवाद. अवघ्या दोन वर्षांनी आलेल्या ‘आय हॅव चेंज्ड’मध्ये निवेदक हा युक्तिवाद मागे घेतो आणि लढाऊपणाची आवश्यकता मान्य करतो.

आत्मकथनातील ‘मी’ एकसंध असतो, या गृहीतकाने पाहिल्यास हा अंतर्विरोध अप्रामाणिकपणाचा वाटेल. सहलेखकाच्या उपस्थितीमुळे या ‘मी’चे कर्तृत्व आधीच विभागलेले आहे, हेही खरे. परंतु अंतर्विरोधाचे मूळ व्यक्तीपेक्षा कथनप्रकारात अधिक आहे. यशोगाथेच्या संरचनेत ‘मला जमले, तर इतरांना का जमू नये?’ हा निष्कर्ष अनुस्यूत असतो. निवेदकाची इच्छा असो वा नसो, ती मागे राहिलेल्यांविरुद्ध निकाल देते. पहिल्या पुस्तकात हा निकाल उघडपणे उच्चारला गेला. दुसऱ्यात तो परत घेण्याची धडपड आहे, पण साचा तोच राहिल्याने ती अपुरी ठरते.

मराठी समीक्षेला हा प्रश्न परका नाही. दलित आत्मकथने ‘कोठून कोठे पोहोचला’ अशा चढत्या आलेखाने वाचण्याचा मोह आपल्याकडेही आढळतो. त्या वाचनात व्यवस्थेवरील आरोपपत्र नकळत व्यवस्थेच्या उदारतेचे प्रशस्तिपत्र होऊन बसते.

अशा वाचनाने ओवेन्सचे कर्तृत्व उणावते काय? मुळीच नाही. २५ मे १९३५ रोजी ॲन आर्बर येथे त्याने मारलेली ८.१३ मीटरची उडी पंचवीस वर्षे जागतिक विक्रम म्हणून अबाधित राहिली. त्या उडीने एखाद्या वंशाची योग्यता सिद्ध करावी, ही अपेक्षा मुळात प्रतिपक्षाची आहे. कारण योग्यता सिद्ध करण्याचा भार ती पुन्हा अन्यायग्रस्तावरच टाकते. ‘आय हॅव चेंज्ड’ हे कलादृष्ट्या थोर पुस्तक नव्हे. तथापि ज्या कथेवर त्याने व्याख्याने देत पोट भरले, त्याच कथेवर तिचा नायक येथे अविश्वास दाखवितो. या अविश्वासामुळेच ‘ब्लॅकथिंक’पेक्षा हे पुस्तक अधिक गंभीर वाचनास पात्र ठरते.