न काढलेला बाण

दुबईत राहत असाल तर ३ ऑगस्ट २०१६ ची दुपार आठवत असेल. तिरुवनंतपुरमहून आलेलं एमिरेट्सचं ईके ५२१ धावपट्टीवर आपटलं आणि पेटलं. आतले ३०० जण वाचले. एका अग्निशमन जवानाचा जीव गेला.

झालं काय? चाकं टेकली, पण बरीच पुढे. वैमानिकांनी परत वर जायचं ठरवून 'गो-अराउंड'चं बटण दाबलं. एरवी या बटणानं इंजिनांचा जोर आपोआप वाढतो. मात्र चाकं जमिनीला लागली की ते मुद्दामच निकामी केलेलं असतं. विमान जेमतेम ८५ फूट उचललं, इंजिनं मंदच, वेग घटत गेला. हातानं जोर वाढवला तोवर उशीर झाला होता.

आता आपला विषय. बटण दाबणं, चाक टेकणं या सुट्या घटना. वेग, उंची, जोर सलग बदलणारे. दोन्ही एकाच कागदावर नेमकेपणानं लिहायचे कसे? डेव्हिड हॅरेलचे स्टेटचार्ट (१९८७) विमानांच्याच इलेक्ट्रॉनिक्समधून जन्मले: चौकट म्हणजे अवस्था, बाण म्हणजे घटनेमुळे होणारा बदल. राजीव अलूर, थॉमस हेन्झिंगर वगैरेंच्या हायब्रिड ऑटोमॅटात चौकटीच्या आत विकलक समीकरणही बसतं. सुंदर काम आहे, वाद नाही.

पण ईके ५२१ चा प्रसंग स्टेटचार्टमध्ये काढून बघा. 'जमिनीवर' ही चौकट, आणि तिच्यातून बटणाचा बाण निघतच नाही. बाण नसला की घटना गुपचूप गिळली जाते, हा त्या चित्राचा नियमच. म्हणजे चित्र बरोबर, तपासणीत पास! वैमानिकाच्या डोक्यातल्या चित्रात मात्र तो बाण होता. बटण निकामी असल्याचा इशारा विमानानं दिला नाही, हे अमिरातीच्या तपास अहवालातही नोंदवलंय.

तुम्ही म्हणाल, हा दोष लिहिणाऱ्याचा, चिन्हांचा कसा? मला हे अर्धंच पटतं. 'बटण दाबल्यावर दोन सेकंदांत जोर वाढावा, नाहीतर इशारा वाजावा' हे सिग्नल टेम्पोरल लॉजिकमध्ये एका ओळीत लिहिता येतं. पण ते सुचायला हवं ना! कोरी जागा काही सुचवत नाही.

त्यापेक्षा १९७८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या ए-७ विमानासाठी डेव्हिड पार्नास आणि सहकाऱ्यांनी केलेले तक्ते बघा. दिसायला रेल्वेच्या टाइमटेबलइतके रुक्ष. पण तिथे रकाना कोरा सोडता येत नाही. हे कधीच घडणार नाही असं वाटलं, तरी हातानं फुली मारावी लागते.